आईच्या डोळ्यांजोगं अक्षर

पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ते वाचन कित्येक वर्षं माझी आई करते. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण ती वाचायला बसली की सगळे चूप. आयुष्यात तिला मिळालेला मान तेवढाच.

तिच्या पुस्तकाची पानं झडायला लागली, तेव्हा मी शहाणपणा केला. सीताबर्डीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, वाढदिवसाचे फलक. प्रूफवर गिऱ्हाईकाची सही घेतल्याशिवाय मी काही छापत नाही. आईसाठी मात्र पहिली काही प्रकरणं परस्परच टाइप केली, एकसारख्या बारीक रेघेच्या नव्या फॉन्टमध्ये मोठ्या आकारात लावली आणि गुळगुळीत कागदावर छापून, बांधून आणली. काय देखणी दिसत होती!

त्या संध्याकाळी आई दुसऱ्याच ओळीला अडली. मग चौथ्या. बोट ठेवून वाचायला लागली. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेजारची वहिनी पुढे सरकली, "मावशी, थकल्या असान तं द्या, मी वाचतो."

आईनं पुस्तक देऊन टाकलं.

घरी ती जेवली नाही. "माह्ये डोये गेले गा. आता तिलेच वाचू दे."

चष्मा तर महिन्यापूर्वीच तपासून आणला होता. खरं सांगतो, मला तिचाच राग आला. "मोठं अक्षर केलं ना तुह्यासाठी!" असं ओरडलोसुद्धा. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी दुकानात जुनं पान आणि माझं पान शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जुन्या टाइपाची उभी रेघ जाड, वळताना बारीक होणारी, बोरूनं लिहिल्यासारखी. अक्षराची गाठ भरीव, पोट मोकळं. नजरेत भरण्यासारखं त्यात काहीच नाही, आणि म्हणूनच त्यावर डोळा थकत नाही. बॅनर माणूस गाडीवरून जाता जाता बघतो. हे अक्षर तिच्या डोळ्यांखाली तासभर राहणार होतं, आणि मी गाढवानं त्याला वरातीचे कपडे चढवले होते.

वाचनाला सात तास उरले होते. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तसाच जाड-बारीक टाइप सापडला. त्यात त्या दिवसाची बारा पानं लावली. ओळीही जुन्या पानावर होत्या तिथेच तोडल्या, कारण आईचा श्वास तिथेच ठरलेला. प्रिंटरनं दोनदा कागद अडकवला. त्याला दिलेली शिवी इथे लिहिता येत नाही.

विहारात पोचलो तर वहिनी माझं नवं पुस्तक उघडून बसलेली. मी पानं आईपुढे धरली.

"नाही गा. परत हसं होईन."

"एकच ओळ. मनातल्या मनात वाच."

ओठ हलले. एक ओळ झाली, दुसरी झाली, मग आवाज फुटला आणि थांबेचना. वहिनीनं हळूच पुस्तक मिटलं.

पहिलं पान संपल्यावर आईनं चष्मा पुसला आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिलं.

"रातभर मी सोताले आंधळी समजून राहिली होती," ती म्हणाली. "छापाच्या आधी एक पान तरी मले दाखवाचं होतं."

मग तिनं पुढचं पान काढलं.