फोटो काढल्याशिवाय प्लास्टर नाही

त्या सकाळी साताऱ्यात माझा मोबाइल दोनदा वाजला. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. पडद्यावर शकूताईची सूचना होती: 'आज गच्चीवरच्या टाकीजवळचं अर्थिंग बघणे.' सांगलीतल्या इमारतीच्या गच्चीवरचं अर्थिंग मी साताऱ्यात बसून कसं बघणार होतो, हे देव जाणे. पण माझ्या या थोरल्या बहिणीनं तिच्या अपार्टमेंटचं अख्खं कॅलेंडर माझ्या मोबाइलला जोडून ठेवलं होतं, आणि मी ते काढून टाकलं की पुढच्या भेटीत पुन्हा जोडून द्यायची. मी वैतागून सूचना बाजूला सारली आणि गालाला साबण लावला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिच्या तळमजल्यावरच्या मुमताजभाभी होत्या. "भाऊसाब, बिगीनं या. ताई उठंना झाल्यात..." सकाळचा चहा कपात ओतून ताई खुर्चीत बसली होती, ती तशीच गेली. गॅस सिलिंडरपाशी बंद केलेला होता, हे भाभींनी मला नंतर आवर्जून सांगितलं. त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं, यातच ताई आली.

ताईनं आयुष्यभर सांगलीच्या एका दवाखान्यात रेकॉर्ड विभागात नोकरी केली. पेशंट बरा होऊन घरी गेला, तरी त्याची फाइल तिच्या लेखी बरी होत नसे. भावोजी असताना त्यांनी हा फ्लॅट बुक केला आणि इमारत उभी राहत होती तेव्हा दर रविवारी ही बाई तिथं हजर. बाकीचे लोक आपापल्या बाल्कनीची स्वप्नं बघून परत जायचे; ही स्लॅबच्या सळयांचे, पायपांचे, वायरींच्या नळ्यांचे फोटो काढत उन्हात उभी. बिल्डरचा माणूस तिला बघितलं की शेडच्या मागं जायचा. पुढं ते सगळे फोटो तिनं इमारतीच्या नावाचं खातं काढून इंटरनेटवर चढवले. प्रत्येक फ्लॅटचा वेगळा कप्पा, त्यात प्रत्येक भिंतीचा, आणि भिंतीत आजवर काय काय घातलं, काय काढलं, कुणी आणि कशासाठी, सगळं. लिफ्टचा दोर बदलला, आग विझवायचे सिलिंडर भरले, मीटरची पेटी हलवली, सगळं त्या कप्प्यांत. इमारतीलाही जन्म असतो आणि दुखणी असतात, मग केसपेपर का नको, असा तिचा साधा हिशेब होता.

सोसायटीची सेक्रेटरी झाल्यावर तर विचारायलाच नको. कुणाच्याही घरी भिंत फोडली की ती बुजवायच्या आधी ताईला बोलवायचं, असा तिचा नियम. ती येणार, डाव्या हातात स्टीलची फूटपट्टी धरून पायपाशेजारी टेकवणार, उजव्या हातानं फोटो काढणार, मग गवंड्याला परवानगी. "फोटो काढल्याशिवाय प्लास्टर न्हाई." एकदा मी तिथं असताना एक गवंडी थापी हातात धरून बराच वेळ खोळंबला होता. शेवटी म्हणाला, "आवं ताई, नळ बसला की झाकायचा असतोय. त्येचं लगीन हाय व्हय फोटो काढायला?" ताई म्हणाली, "तू झाकून जाशील. दहा वर्सांनी हितं कुणीतरी खिळा ठोकंल, तवा तुला कुठं हुडकू?" गवंडी हसला, पण ताई हसली नाही. तिचं हेच लय अवघड होतं. समोरचा गंमत करतोय हे तिला कळायचं, आणि तरी ती मुद्द्याचं उत्तर द्यायची.

तिसऱ्या मजल्यावर एक नवीन कुटुंब आलं, त्यांची वास्तुशांत मला अजून आठवते. होम झाला, गुरुजींनी वास्तुपुरुष पुरायला आग्नेय कोपरा दाखवला आणि यजमानांचा मेव्हणा छिन्नी-हातोडी घेऊन बसला. खाली जमीन नाही, दुसऱ्याच्या घराचं छत आहे, हे त्या भरल्या घरात कुणाच्याही ध्यानात नव्हतं. आपल्याकडं तिसऱ्या मजल्यावरही वास्तुपुरुष पुरायचा असतो आणि तो खोलच पुरायचा असतो. ताई जेवणाच्या निमंत्रणावरून आली होती. छिन्नीचा आवाज ऐकला आणि साडीचा पदर खोचून होमाच्या धुरातून थेट कोपऱ्यात. मोबाइल काढून तिनं स्लॅब घालायच्या आधीचा त्याच कोपऱ्याचा फोटो मेव्हण्याच्या नाकासमोर धरला. खालच्या फ्लॅटच्या वायरची नळी बरोबर त्याच्या छिन्नीखालून गेली होती. "वीतभर भिंतीकडं सरका, आणि फरशीच्या खाली जाऊ नका." गुरुजी नाराज झाले. जागा काढून दिलेली आहे, म्हणाले. "गुरुजी, देव समजून घेतोय. करंट घेत न्हाई," ताई म्हणाली. वास्तुपुरुष वीतभर सरकला. पण आधी त्याच्याही शेजारी फूटपट्टी टेकवून फोटो निघाला, आणि पंगतीत माझ्या शेजारी बसलेली यजमानीणबाई मला विचारत होती, "तुमच्या बहिणीचं नेहमीच असं असतं का हो?" मी बासुंदी मागून घेतली.

कृष्णेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं त्या पावसाळ्यात लोक गाद्या, गहू, देव डोक्यावर घेऊन जिने चढत होते, आणि ताई गुडघाभर पाण्यात खांबाला फूटपट्टी लावून उभी. मी फोनवर ओरडलो होतो. ती म्हणाली, "पाणी कुठवर आलतं ह्ये पाणी गेल्यावर कोण सांगणार?" पाणी ओसरल्यावर मुमताजभाभींच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खांबावर एक तडा दिसला. तेव्हापासून दर महिन्याला त्या तड्याचा फोटो. त्याच जागी, तीच पट्टी. भाभी चपात्या लाटता लाटता खिडकीतून विचारायच्या, "वाढला का वं, ताई?" ताई मोबाइलमध्ये मागचा फोटो काढून शेजारी धरायची आणि म्हणायची, "हाय तेवढाच हाय." मग भाभी पुढची चपाती तव्यावर टाकायच्या.

हे सगळं आपल्यामागं मी बघावं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी साताऱ्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो, तेव्हा बाकीच्यांनी शाल दिली, हिनं खात्याचा पासवर्ड दिला. "अगं, मी तिथं राहत नाही!" "मोबाइल काय सातारा-सांगली बघत न्हाई." "तुझ्या पोराला सांग की." "मंदार पुण्यात कंपनीत हाय. त्याला भिंती दिसत न्हाईत, पडदे दिसत्यात." मी पासवर्ड घेतला आणि विसरून गेलो.

ताई गेल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो फोटोचा. हार घालायला फोटो नाही! जिनं अख्ख्या इमारतीची हाडं-मांस फोटोत धरली, तिचा स्वतःचा एक धड फोटो घरात सापडेना. मंदार बिचारा दहाव्याच्या आधी तिचा मोबाइल घेऊन बसला. उघडला तर भिंती. वर सरकवलं तरी भिंती. मोबाइल भरून गेल्यामुळं मधेच अडकायचा. म्हणून पोरानं एका दमात सगळ्या भिंती, खांब, पायपा पुसून टाकल्या, म्हणजे उरतील ती माणसं. माणसं फार थोडी उरली. त्यातल्या कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून ताईला कापून घेतलं आणि फ्रेम केली. त्या फोटोत ती वर बघतेय. पाहुण्यांना वाटलं, काय शांत नजर आहे! मी त्या लग्नात होतो. मंडपाच्या बांबूला उघडी वायर लोंबत होती, ती बघत होती.

पुढच्या आठवड्यात इमारत तपासणारे इंजिनिअर आले. तारीख ताईनंच घेऊन ठेवली होती, मला तिची सूचना आली म्हणून मी सांगलीत होतो. इंजिनिअरनी भाभींच्या मागचा खांब ठोकून बघितला आणि म्हणाले, "तडा जुना असून थांबला असेल तर भरून घेऊ. पण वाढत असेल, तर खालचं घर रिकामं करावं लागेल. टेकू लावल्याशिवाय इथं कुणाला राहू देता येणार नाही. जुनं काही आहे का?" मी जरा ऐटीतच म्हणालो, आहे की. मोठ्या कष्टानं पासवर्ड आठवून खातं उघडलं. खांबाचा कप्पा रिकामा होता. सगळेच कप्पे रिकामे होते. मोबाइलमधून पुसलं की खात्यातूनही पुसलं जातं, हे इतक्या मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या मंदारला ठाऊक नव्हतं, असं नाही. घाईत लक्षात आलं नाही, असं नंतर म्हणाला! भाभी दारात उभ्या होत्या. त्यांचे सासरे आत अंथरुणाला खिळलेले. "ह्यांना घिऊन मी कुठं जाऊ, भाऊसाब? ताई तर म्हणत हुत्या, हाय तेवढाच हाय..."

मी पुण्याला फोन लावून मंदारला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा, पुसलेलं काही दिवस कचऱ्याच्या पेटीत राहतं. मग कायमचं जातं. थांबा, बघतो." मी थांबलो. इंजिनिअर घड्याळ बघत होते, भाभी माझ्याकडं बघत होत्या, आणि मी मनातल्या मनात ताईशी भांडत होतो. एवढी व्यवस्था केलीस, बाई, पण आपल्या पोटच्या पोराच्या हातात आपलाच मोबाइल जाणार, हे तुझ्या कोणत्या कप्प्यात होतं? ...आणि मग माझ्या हातातल्या पडद्यावर एकेक करून भिंती परत यायला लागल्या. पायपा आल्या, मीटर आले, तिसऱ्या मजल्यावरचा वास्तुपुरुष आला, शेवटी खांब आला. इंजिनिअरनी पहिल्यापासून शेवटपर्यंतचे फोटो ओळीनं बघितले. पट्टीवरचे आकडे मोठे करून बघितले. "थांबलाय. पुरानंतर केसभरही हललेला नाही. भरून घ्या." भाभींनी पदर तोंडाला लावला आणि तशाच आत गेल्या, सासऱ्यांना सांगायला.

इंजिनिअर गेल्यावर मी ताईच्या खुर्चीत बसून पुन्हा ते फोटो उघडले. प्रत्येकात पट्टी होती, आणि प्रत्येकात पट्टी धरलेला तिचा हात. मनगटावर भावोजींचं घड्याळ, अंगठ्याचं नख दारात सापडून वाकडं झालेलं. सुरुवातीला हात भरलेला, मग शिरा वर आलेल्या, शेवटच्या महिन्यात घड्याळ सैल होऊन खाली घसरलेलं. आम्ही तिचा फोटो हुडकत होतो, आणि मंदारनं तेच तर पुसले होते... मला रडू आलं, आणि रागही आला. एवढ्या फोटोंत एकदा तरी स्वतःकडं वळवायचा होतास ना गं मोबाइल.

काल पुन्हा सूचना आली: 'खांबाचा फोटो.' तडा भरून घेतलाय, आता कसला फोटो, असं पुटपुटत मी सांगलीची एसटी पकडली. तिची पट्टी दाराच्या मागच्या खिळ्यालाच होती. खांबाला टेकवली, फोटो काढला. खिडकीतून भाभींनी विचारलं, "वाढला का वं?" मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. माझा अंगठा बरोबर आकड्यांवर आला होता. ताईच्या एकाही फोटोत आला नव्हता. "थांबा," मी म्हणालो, आणि अंगठा बाजूला घेऊन फोटो परत काढला.