तुकडेवाली

रंजिता शहारेने पहिल्या नोकरीच्या एकविसाव्या दिवशी एका माणसाचा साठ पोती धान वाया घालवला, आणि ही गोष्ट ती आजही कुणी विचारायच्या आत सांगून टाकते. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नाही. शिवाय तिरोड्यापासून देवरीपर्यंत ज्याला धानातलं म्हणून काही कळतं, त्याच्या कानावर हे कधीच गेलेलं आहे. मग झाकायचं तरी कुणापासून?

ती देवरीकडची. बाप देवाजी रस्त्याच्या कामावर मजुरी करायचा, पण पोरीला त्याने हट्टाने आयटीआयला घातलं. फिटरच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पास झाली आणि गोंदियाजवळ मुन्नालाल सेठच्या राईस मिलमध्ये लागली. यार्डावर धान वाळवून घ्यायचा आणि वाळला की मशीनवर द्यायचा, हे तिचं काम.

उन्हाळी धान तसाच भरडला तर फुटतो, म्हणून आधी उकडतात. उकडलेला धान यार्डावर पसरायचा, अर्धा वाळला की ढीग करून ताडपत्रीखाली झाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळवायचा. झाकलेल्या वेळात दाण्याच्या पोटातला ओलावा सावकाश वर येतो. ही मधली विश्रांती चुकली, तर दाणा आतून तडकतो. वरून काही दिसत नाही. जे दिसायचं ते मशीनमधून बाहेर पडल्यावर दिसतं.

त्या दिवशी यार्डावरचा धान नत्थूलाल रहांगडाले यांचा होता. चोरखमारा तलावाच्या कालव्यावरचे हे शेतकरी. व्यापाऱ्याला न विकता आपणच उसना, म्हणजे उकडा, तांदूळ काढून बाहेर पाठवायचा, या हिशेबाने त्यांनी गावातल्या वीस घरांचा धान गोळा करून आणला होता. लोकांनी तो त्यांच्या शब्दावर दिला होता. दुपारी आभाळ भरून आलं. यार्डावर तीस वर्षं धान पायाने फिरवणारी कलाबाई म्हणाली, आता ढीग करून झाकून टाकू, तळव्याला अजून गरम लागतंय. रंजिताने ओलावा मोजायचं यंत्र लावलं, त्यात चौदाचा, म्हणजे धान वाळत आल्याचा आकडा आला. गरम दाण्याचा आकडा खोटा येतो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळ्या बायकांच्या देखत ती म्हणाली, "मावशी, हे मशीन आहे. तुमच्या पायापेक्षा याले जास्त समजते."

कलाबाईने पुन्हा धानात पाय घातले. धान तसाच एका दमात वाळवला. पाऊस तर आलाच नाही.

सकाळी मशीनमधून निम्म्याहून जास्त तुकडा पडला. नत्थूलालभाऊंनी तो तांदूळ ओंजळीत घेतला. ते ओरडले असते तर रंजिताला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की आता वीस घरांना काय तोंड दाखवू. सेठने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर जो तो शहाणपण शिकवायला हजर. मशीन हे बाईचं काम नव्हेच, हे आधीच सांगितलं होतं, असं ज्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं तेही सांगू लागले. आपल्याकडे पुरुषाने माती खाल्ली तर तो अनुभव, आणि बाईने खाल्ली तर सगळ्या बाईजातीविरुद्धचा पुरावा. एका मामाने तर स्थळही आणलं. रंजिता आठ दिवस जेवली, झोपली, रडली. नवव्या दिवशी तिने गोंदियाची बस धरली आणि सरळ त्याच मिलच्या फाटकात जाऊन उभी राहिली. तिने आपली जुनी सुपरवायझरची जागा मागितली नाही. यार्डावरच्या बायकांमध्ये रोजीवर घ्या म्हणाली. सेठ हसला. पण मे महिन्याच्या उन्हात पाय भाजून घ्यायला माणसं मिळत नाहीत. त्याने घेतलं.

कलाबाईने तिला बघितलं आणि हातातलं दंताळं टेकवून विचारलं, "काऊन आली वो?"

"शिकाले."

"तुह्या मशीनले तं सारं येते ना?"

"मशीन चुकलं नाही मावशी, मी चुकली. आता चप्पल कुठं काढून ठेवू ते सांग."

कलाबाईने लगेच गळ्याशी वगैरे लावलं नाही. दोन महिने तिने हिला फक्त कोपरे झाडायला लावले. मग हळूहळू दाणा दाताखाली कसा धरायचा, तळव्याला कोमट लागणं आणि गरम लागणं यातला फरक काय, ढिगात हात कोपरापर्यंत का घालायचा, हे शिकवलं. रंजिताच्या पायाची कातडी दोनदा निघाली. मिलमधले हमाल तिला तुकडेवाली म्हणायचे. ती 'हो, बोला' म्हणून ओ द्यायची.

तिसऱ्या वर्षी मशीनवरचा ऑपरेटर दुसरीकडे निघून गेला. सेठ माणूस शोधत बसला आणि रंजिताने कुणाला न विचारता मशीन सुरू केली. चार वर्षं तिने ऑपरेटरचं काम केलं, पण सेठच्या तोंडून तिला ऑपरेटर म्हणवलं नाही.

मग चोरखमाऱ्याच्या कालव्याखालच्या सात गावांनी मिळून स्वतःची गिरणी काढायची ठरवली. तिथे ऑपरेटर पाहिजे होता. त्या गिरणीचा सचिव भुवनेश्वर भला माणूस. त्याने तिला बाजूला घेऊन समजावलं की अर्जात ते पहिलं साल लिहू नको, कारण अध्यक्ष कोण आहेत ठाऊक आहे ना? अध्यक्ष नत्थूलालभाऊच होते. रंजिताने अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की आपण यांचाच साठ पोती धान फोडलेला आहे.

नत्थूलालभाऊंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. गावात पुन्हा कुणी शब्दावर धान द्यावा यासाठी त्यांना सात वर्षं लागली होती. ते म्हणाले की तुला ठेवलं तर लोक मला वेड्यात काढतील. ती म्हणाली, लोक काय म्हणतात ते मी सात वर्षं ऐकतेच आहे, तुम्ही धान का फुटला ते विचारा. त्यांनी विचारलं. तिने अर्धा तास सांगितलं. वर अटही घातली की यार्डावरच्या बायकांनी थांब म्हटलं की गिरणी थांबेल. उन्हाळा तोंडावर आला होता आणि दुसरा कुणी जाणकार अर्जदार नव्हता, म्हणून तिला पहिल्या खेपेपुरतं ठेवलं. तुकडा पडला तर त्याच दिवशी घरी, हेही ठणकावून सांगितलं.

पहिला धान उकडून यार्डावर आला त्याच दिवशी बाहेरगावचा खरेदीदार ट्रक घेऊन हजर झाला. नत्थूलालभाऊंनी त्याला त्याच संध्याकाळी माल द्यायचं कबूल केलं होतं. दुपारी बायकांनी धानाचा ढीग करून ताडपत्री घातली तेव्हा ते तरातरा आले. ताडपत्री काढा, ऊन आहे तोवर वाळवा, संध्याकाळी भरडा, म्हणाले. रंजिताने सांगितलं की उद्यापर्यंत हा धान हलणार नाही. भुवनेश्वरने यंत्र लावून पाहिलं आणि हळूच म्हणाला की आकडा तसा बरा आहे. खरेदीदार घड्याळ बघत होता. दोन माणसं ताडपत्री उचलायला पुढे झाली, तशी रंजिता तिच्यावर जाऊन बसली. मे महिन्यातल्या तापल्या ताडपत्रीवर.

"एकदा वाटोळं केलं," नत्थूलालभाऊ म्हणाले, "आता मलेच शिकवून राहिली?"

"हो. वाटोळं म्याच केलं, म्हणूनच शिकवून राहिली."

"धान माहा आहे."

"धान तुमचा भाऊ, पण तुकडा पडला का नाव माहं निघते. काढाचं असन तं आत्ताच काढा मले. पण मी इथं आहे तोवर ताडपत्री उचलत नाही."

ही नोकरी गेली तर तिसरी मिळणार नव्हती. यार्डावरच्या बायका एकेक करत येऊन तिच्याशेजारी बसल्या. खरेदीदार थोडा वेळ थांबला आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला. नत्थूलालभाऊ तिच्याकडे पाठ करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बायकांनी धान पुन्हा वाळवला आणि ऊन कललं तेव्हा रंजिताने मशीन सुरू केली. तांदूळ अख्खा पडला. शंभरात पाच-सात दाणे तुटले, तेवढे कुणाच्याही गिरणीत तुटतात. तो खरेदीदार पुन्हा आला नाही. आठ दिवस सगळा माल तसाच पडून होता, आणि ते आठ दिवस गावाने तिला भरपूर नावं ठेवली. मग नागपूरकडचा दुसरा एकजण आला, त्याने चार पोती उघडून पाहिली आणि या मालाबरोबर पुढच्या खेपेचाही सौदा करून गेला.

तो गेल्यावर नत्थूलालभाऊ गिरणीत आले. त्यांनी एका पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ वर काढून निरखला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या टायमाले असं काही असन तं आंधी सांगत जाय, बाई."

"सांगतलं होतं, भाऊ," रंजिता म्हणाली. "पुढच्या टायमाले आयकत जा."