आठवीचा भात

एप्रिल संपत आला की मला माझ्या नोकरीची शिसारी येते. बाकीचं वर्ष मी हायस्कुलात मराठी शिकवतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या दिवसांत आम्ही मास्तर लोक पोरं पकडायला निघतो. हो, पकडायलाच. तुमसर तालुक्यातल्या आमच्या भागात जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीपर्यंत आहेत. पुढे आठवीसाठी पोरांना बाहेर पडावं लागतं, आणि गावाच्या तोंडाशी तीन-चार हायस्कुलांचे मास्तर टपून बसलेले असतात. कोणी दप्तर देतो, कोणी सायकल कबूल करतो. पट भरला नाही तर शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि जिल्ह्यात कुठेही फेकला जातो, म्हणून ही सगळी धावपळ. पोरगं कसं आहे, त्याचं पुढे काय होईल, हे विचारणारा मास्तर मी वीस वर्षांत पाहिला नाही. मीही त्यातलाच.

विचारणारी एकच बाई पाहिली. कुंताबाई. शिक्षण चौथी, काम पिपरटोल्याच्या शाळेत खिचडी शिजवण्याचं.

पिपरटोला आमच्या शाळेपासून चार किलोमीटरवर. तलावाखाली धानाची शेती, एक शाळा आणि शाळेच्या मागे टिनाचं स्वयंपाकघर. सतरा वर्षं कुंताबाई तिथे आहेत. ठेंगण्या, काटक, डोळे धुराने कायमचे लाल. बोलतात कमी आणि बोलल्या तर समोरच्याला टाळता येत नाही. पोरांच्या ताटात वाढताना त्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. कोण आधी हात पुढे करतो, कोण शेजारच्या लहानग्याचं ताट पुढे सरकवतो, कोण भाजीतलं वांगं गुपचूप पायाखाली टाकतो, सगळं त्यांच्या ध्यानात राहतं. वर्गातले मास्तर बदलीने येतात-जातात. त्यामुळे गावात कोणाच्या पोराबद्दल खरं जाणून घ्यायचं असेल तर लोक हेडमास्तरला नाही, कुंताबाईंना विचारतात.

त्यांची मुलगी शुभांगी सातवीत पहिली आली होती. हायस्कुलात गेली, तिथे साठ पोरांत बसली, गणितातलं काही कळेना, आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटली. पहिल्या नंबरची पोरगी कशी विचारणार? वर्षभर गप्प राहिली आणि नववीत घरी बसली. तिचं लग्न होऊन आता ती सासरी नांदते आहे, पण कुंताबाईंच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. त्या वर्षापासून त्यांनी पिपरटोल्यात एक रीत पाडली. सातवीच्या शेवटच्या दिवशी स्वयंपाक त्या करत नाहीत. सातवीची पोरं करतात. तांदूळ निवडण्यापासून चूल पेटवण्यापर्यंत सगळं त्यांनीच करायचं, सगळ्या शाळेला वाढायचं, आणि स्वतः शेवटी जेवायचं. कुंताबाई पाटावर बसून नुसत्या बघतात. त्याला गावात आठवीचा भात म्हणतात.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्याच दिवशी मी तिथे जाऊन पोचलो. माझी अवस्था वाईट होती. पटाला एक पोर कमी पडत होतं, आणि शिक्षकांच्या ज्येष्ठता यादीत सगळ्यात शेवटी माझंच नाव होतं. पिपरटोल्यातली आठ पोरं इतर शाळांनी आधीच उचलली होती. राहिली होती एक, मेघा. तिचे वडील जागेश्वर तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाली करायचे. मेघाला आयटीआय करून जवाहरनगरच्या फॅक्टरीत अप्रेंटिस लागायचं होतं, कारण तिची मावसबहीण तशीच लागली होती. त्यासाठी दहावीचं गणित पक्कं हवं, हे त्या पोरीला बारा-तेराव्या वर्षी माहीत होतं. जागेश्वरला आमची सायकल आवडली होती, पण त्याने हात जोडून सांगितलं की कुंताबाई म्हणतील तिथे पोरगी जाईल. तुमसरची शाळा नऊ किलोमीटर, सायकलही देत नव्हती. तरी त्याचं म्हणणं तेच.

मी गेलो तर कुंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तांदळाने भरलेलं सूप माझ्या हातात दिलं. पोरांबरोबर मीही निवडायला बसलो. डोकं दुसरीकडेच होतं, त्यामुळे मी बोटं फिरवली आणि सूप परत दिलं. त्यांनी ते एकदा हलवून तीन खडे बाहेर काढले आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवले. पोरं तोंड दाबून हसली.

मग निरोप समारंभ. प्रमुख पाहुणे आमचेच मुख्याध्यापक मधुकरराव. ते तासभर उशिरा आले, तोवर पोरं मांडवाखाली उकाड्यात घामाघूम बसलेली. आल्यावर त्यांनी आठवीत जाणाऱ्यांच्या अंगी कोणते गुण हवेत यावर भाषण केलं. जिद्द, चिकाटी, शिस्त. वेळेचं महत्त्व त्यांनी तीनदा सांगितलं. पहिलीतलं एक पोरगं झोपून खुर्चीच्या पायावर आपटलं तरी भाषण थांबलं नाही. शेवटी प्रगतिपत्रकं वाटली. नऊच्या नऊ पत्रकांवर एकच नोंद: नीटनेटके राहणे, सर्वांशी मिळून मिसळून वागणे. वर्गशिक्षकाने मोबाईलवरच्या तयार यादीतून उतरवलेली. मला राग आला, मग आठवलं की मीही दरवर्षी तेच करतो. राग गेला आणि नुसती किळस उरली.

पत्रकं घेऊन सातवीची पोरं चुलीकडे पळाली होती. इतक्यात मागून करपल्याचा वास आला.

आम्ही धावलो. मोठ्या गंजातला भात बुडाशी लागला होता आणि सातवीची नऊ पोरं चुलीभोवती एकमेकांकडे बघत उभी होती. एक म्हणाला लाकडं ओली होती. दुसरी म्हणाली भाषण लांबलं म्हणून. हे खरं तर अगदी खोटंही नव्हतं. कुंताबाई पाटावरून हलल्या नाहीत. मेघा पुढे आली. तिचं तोंड धुराने काळं झालं होतं.

"जाळ मीनं वाढवला," ती म्हणाली. "लवकर व्हावं म्हनून. आता काय करू, मले नाई समजून रायलं."

तेव्हा कुठे कुंताबाई उठल्या. भात ढवळायचा नाही, वरचा हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचा, एवढं सांगितलं आणि परत जाऊन बसल्या. मेघाने काढला. सगळ्या शाळेला वाढला. बुडाचा करपलेला भात राहिला तो तिने स्वतःच्या ताटात घेतला, तेव्हा बाकीच्या आठांपैकी तिघांनी आपलीही ताटं पुढे केली. कुंताबाईंनी ते तिघेही लक्षात ठेवले असणार.

जेवणं झाल्यावर त्या, गावकऱ्यांबरोबर समारंभाला आलेल्या जागेश्वरला म्हणाल्या, "हुशारी मी नाई पायत. हुशार तं माई शुभांगीबी होती. आठवीत कोनी बोट धरून नेत नाई. आपलं चुकलं तं चुकलं म्हनावं, नाई आलं तं नाई आलं म्हनावं, एवढं जमलं का पोरगी टिकते. हे पोरगी टिकते."

मग माझ्याकडे वळल्या. सायकल, दप्तर, गणवेश यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"सर, तुमच्याइथं गनिताले सर हायेत ना?"

आमच्याकडे गणिताची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती. मी त्या क्षणी सत्य सांगू शकलो असतो. बारा-तेरा वर्षांची पोरगी माझ्यासमोर सगळ्या गावादेखत खरं बोलली होती, आणि तिच्या हातांचा करपल्याचा वास अजून तिथे होता. मी म्हणालो, "आहेत." मनात हिशेब असा केला की पद मंजूर आहे, म्हणजे कागदावर सर आहेतच. इतका घाणेरडा हिशेब मी आयुष्यात दुसरा केला नाही.

कुंताबाईंनी मान हलवली. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या त्या. संध्याकाळी मेघाचा दाखला माझ्या पिशवीत होता. माझी नोकरी वाचली आणि मधुकररावांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

जूनअखेर शाळा सुरू झाली. सायकलवाटपाचे फोटो काढून झाले. गणिताचा तास रिकामा जाऊ लागला तेव्हा मधुकररावांनी तो माझ्या गळ्यात मारला. मी गाईड उघडून गणितं फळ्यावर उतरवायचो, पोरं वहीत उतरवायची, घंटा झाली की दोघंही सुटायचो. वर्गातल्या चव्वेचाळीस पोरांना यात काही वावगं वाटत नव्हतं. पंचेचाळिसावी मेघा. दुसऱ्या आठवड्यात तिने हात वर करून विचारलं की ही तिसरी ओळ कशी आली. मी म्हणालो, पुढे समजेल. पुढच्या गणिताला पुन्हा हात वर. मी म्हणालो, पाठ कर. तिसऱ्या दिवशी परत तेच. मी खडू टेबलावर आपटला. ती उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर उद्धटपणा शोधूनही सापडला नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"सर, तुमाले येते का हे?"

वर्ग हसला. नाही येत, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी तिला खाली बसवलं, मोठ्या आवाजात. मग तासभर कसला तरी निबंध सांगितला. घरी जाऊन जेवलो नाही, पण त्याचा कोणाला काय उपयोग?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेघा सायकल ढकलत शाळेत आली. मागे जागेश्वर, आणि त्याच्या बाजूला कुंताबाई. त्यांनी त्या दिवशी खिचडीला दुसरी बाई लावली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हे मला नंतर कळलं. सायकल व्हरांड्यात उभी करून मेघाने किल्ली मधुकररावांच्या टेबलावर ठेवली आणि दाखला मागितला. तुमसरच्या शाळेत तिला घ्यायला तयार होते.

मधुकररावांनी दाखला लगेच दिला नाही. कोणीच लगेच देत नाही. आज शिक्का नाही, उद्या बाबू नाही, असं करत नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी कुंताबाई मेघाला आणि जागेश्वरला घेऊन व्हरांड्यात सकाळी येऊन बसल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. शेवटी मधुकरराव कंटाळले आणि मला म्हणाले की देऊन टाका, तुमच्याच वर्गातली आहे. मेघा गेली म्हणजे पटात पुन्हा एक कमी, म्हणजे यादीतलं शेवटचं नाव पुन्हा माझं. ते मला माहीत होतं, त्यांनाही.

मी दाखला भरला. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. प्रगती, वर्तणूक. सही घेतली, शिक्का मारला आणि व्हरांड्यात नेऊन दिला.

कुंताबाईंनी तो घेतला, पण बॅगेत टाकला नाही. माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो की आता त्या मला खोटारडा म्हणतील, आणि खरं सांगतो, म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"माईच चूक झाली सर," त्या म्हणाल्या. "पोरायले पायलं. सरायले पायलं नाई."

त्यांनी चूक कबूल केली. त्यांनी. खोटं बोललो होतो मी, आणि मी खांबाला टेकून मुकाट उभा होतो. आता बोलतो, आता बोलतो, असं करत तो क्षणही गेला. मेघा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता हे मला जास्त झोंबलं.

मग कुंताबाईंनी दाखला डोळ्यांजवळ धरला आणि चौथी शिकलेल्या बाईने वाचावा तसा, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. जागेश्वर म्हणाला, चला, बस जाते. त्यांनी ऐकलं नाही. बोट खाली खाली सरकत गेलं आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, वर्तणूक चांगली. वीस वर्षांत सुटलेल्या प्रत्येक पोराच्या दाखल्यावर मी तेच लिहिलं आहे. या वेळीही लिहिताना माझा हात थांबला नव्हता.

"पोरगी दीड महिना तुमच्यासमोर बसली," त्या म्हणाल्या. "तुमाले एवढंच दिसलं का जी?"