देवमनचा संध्याकाळी मुका होणारा रेडिओ

रिठदच्या बस थांब्याजवळ कडुलिंबाखाली देवमन सायकली दुरुस्त करायचा. त्याचा सारा भरवसा घमेल्यातल्या पाण्यावर होता. ट्यूब पाण्यात बुडवली की पंक्चर आपण होऊन बुडबुडा काढून जागा दाखवतं, माणसाला डोकं खाजवावं लागत नाही. असा सरळ धंद्याचा माणूस रेडिओ जोडायच्या नादी लागला आणि तिथंच त्याचं सुख संपलं.

निमित्त साळीचं झालं. त्याच्या बायकोची, विमलबाईची, धाकटी बहीण लिला नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिनं निरोप धाडला की रेडिओवर तिचं गाणं होणार आहे, माघातल्या एका रविवारी, संध्याकाळच्या लोकगीतांत. दोघींची आई केशरबाई देवमनकडेच राहायची. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेल्यातच जमा होते आणि दोन वर्षांत तिची लिलाशी भेट नव्हती.

गावात पंचायतीच्या ओट्यावर रेडिओ होता. पण केशरबाई म्हणाली, "त्या ओट्याखाली उभी राहून मी लेकीचं गानं आयकनार नाही. घरात बसून आयकीन, नाही तं राहू द्या, जवाईबुवा."

नवा रेडिओ घेण्याची ऐपत नव्हती. मग देवमननं वाशीमच्या भंगारातून दोन मेलेल्या सेटांची हाडं गोळा केली आणि आंब्याच्या पेटीच्या फळ्यांत बसवली. बटण फिरवलं. आत लाल उजेड पडला, पण आवाज काही नाही. खरखरसुद्धा नाही.

पेटी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तो एस्टीनं वाशीमला भाऊसिंगकडे गेला. भाऊसिंग रेडिओ दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकाला चार शब्द ऐकवल्याशिवाय पेचकस उचलायचा नाही.

"देवमन, खोबण्या किती हायेत?"

"पाच."

"अन् व्हॉल्व्ह?"

देवमननं आतल्या काचेच्या नळ्या मोजल्या. चार.

"बारीक आवाज उचलून मोठ्या व्हॉल्व्हकडं ढकलनाराच नाही याच्यात. बिनपैडलची सायकल चालवतं का तू?"

"एक खोबन जास्तीची असंन, असं वाटलं मले."

"लेकाच्या, जास्तीची खोबन कोनी फुकट देते का?"

पाचवा व्हॉल्व्ह बसला आणि पेटी दुकानातच बोलू लागली. बटण फिरवल्यावर पानाला चुना लावून होतो न होतो तोच आवाज आला. देवमन हरखून घरी परतला, तिन्हीसांजेला बटण फिरवलं आणि सारे वाट बघत बसले. चुली पेटल्या, भाकरी झाल्या, जेवणं आटोपली, तेव्हा कुठं पेटीतून कोणीतरी विहिरीच्या तळातून पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

केशरबाई म्हणाली, "आजारी मानूस हाय वाटते आत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाशीम. तिथं पेटी पुन्हा चटकन बोलली. भाऊसिंगनं हात जोडले. "माह्याकडं तं पोपटावानी बोलून राह्यला. तुया घरालेच काही झालं असंन."

देवमनला तेही खरं वाटू लागलं. त्यानं पेटीची जागा बदलली, तोंड फिरवलं, पत्र्यावरची एरियलची तार उंच केली. शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा. विमलबाई म्हणाली, "आपन असलं मानत नाही." मग हळूच म्हणाली, "पन दुपारी नीट अन् संध्याकाळी आजारी, असा कोनता रोग म्हनायचा हा?" कारण दुपारी घरीही पेटी बऱ्यापैकी लवकर जागी होत होती. याचा अर्थ काय, ते देवमनला कळेना. घमेल्यात बुडवून बघावं, तर ही वस्तू बुडवण्यातली नव्हती.

रविवार दोन दिवसांवर आला. दुपारी देवमन पेटी उघडून बसला असता, लाइन आहे की नाही पाहायला विमलबाईनं सहज बल्बचं बटण दाबलं. खोली पांढरीफेक झाली. केशरबाईनं डोळ्यांवर हात धरला.

"उन्ह आलं का घरात?"

तिघंही वर बघत राहिली. घरात वीज येऊन दोन वर्षं झाली होती, पण दिवसा बल्ब कोण लावतो? तो रोज अंधार पडल्यावरच लागायचा, पिकल्या लिंबासारखा पिवळा. अंधार जास्त म्हणून उजेड कमी, हीच सगळ्यांची समजूत होती.

त्या दिवशी देवमननं बल्ब बंदच केला नाही. ऊन कललं, वस्तीमागच्या विहिरीवर जानरावांची पाण्याची मोटार रोजच्यासारखी घरघरली आणि बल्ब लिंबू झाला.

पण मोटार विहिरीवर, रेडिओ घरात. दोघांची गाठ कुठं पडते, ते काही उमगेना. तरी तो जानरावांकडे गेला. जानराव गावातले मोठे शेतकरी, तोंडानं फटकळ.

"भाऊ, रविवारी सांजच्याले साळीचं गानं हाय रेडिओवर, घडीभर मोटार बंद ठेवसान का?"

"काहून?"

"माह्या रेडिओची वीज तुमची मोटार पिऊन राह्यली, असं वाटते."

"वाटते? तुले नक्की मालूम नाही?"

"नाही जी."

"मंग तुयी साळी गाते म्हून माह्या गव्हानं तहानलेलं राहावं का? जाय घरी."

रविवारी देवमननं दुपारीच पेटी सुरू करून ठेवली. मोटार घरघरली तसा आवाज खोल जाऊ लागला. निवेदकानं लिलाचं नाव घेतलं की दुसरंच काही, ते कोणालाच कळलं नाही. केशरबाई पेटीच्या फळीला कान लावून बसली. गाणं सुरू झालं असावं. विमलबाईनं पदर तोंडाला लावला.

आणि बल्ब पांढरा झाला. लिलाचा आवाज खोलीभर उभा राहिला, जात्यावरची ओवी, केशरबाई म्हणायची तीच. म्हातारी हलली नाही. शेवटच्या ओळीला फक्त म्हणाली, "चाल थोडी चुकली."

सकाळी जानराव सायकलीत हवा भरायला थांबले.

"भाऊ, काल तुमी मोटार..."

"मी कायले बंद करू? फ्यूज उडाला व्हता." पंप मारून झाल्यावर ते म्हणाले, "ते गान्यात मंदी 'माय' म्हून लांबवलं, ते तुया सासरवाडीत असंच म्हनतात का?"

"व्हय जी."

जानराव गेले. फ्यूज उडाला तर त्यांना रागानं बोंब मारायला हवी होती, तशी ती ऐकू आली नव्हती. आणि फ्यूज बघत विहिरीवर असलेल्या माणसाला घरातली ओवी ऐकू गेली कशी, तेही कळत नव्हतं. हातातली ट्यूब घमेल्यात बुडवून देवमन बुडबुड्याची वाट पाहत बसला.