चपलांपाशी उभं राहून

"लाउडर! खाली जिन्यात ऐकू गेलं पाहिजे."

सर आतून ओरडले. मी वर्गाच्या दाराबाहेर, चपलांच्या रांगेपाशी उभी. जिना चढून जो कुणी येईल त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि इंग्रजीत म्हणायचं, "आय ब्रोक द रूल. प्लीज डोन्ट बी लाइक मी." मी नियम मोडला. माझ्यासारखे होऊ नका.

वकिलांचा मुलगा आला. चपला काढता काढता त्यानं पायानं माझ्या चपला बाजूला सारल्या. मी म्हटलं. तो म्हणाला, "ओके, आय वोन्ट." आत गेला तसा आत हशा. मागून बँकेतल्या साहेबांची मुलगी आली, तिला म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आठवडाभर हे करायचं होतं. शिक्षा म्हणून.

नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. पेणमधे गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर हा इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास चाले. खाली मूर्ती, वर आम्ही. भिंतीवर नियमांचा फळा. दारातून आत आलात की मराठी बंद. उशीर नाही. न सांगता गैरहजेरी नाही. नियम मोडला तर फळ्यासमोर उभं राहायचं, आपलं म्हणणं इंग्रजीतून मांडायचं, मग वर्गानं हात वर करून ठरवायचं, शिक्षा द्यायची की नाही. सर म्हणायचे, ही लोकशाही आहे.

अरे देवा, काय ती लोकशाही! ज्याला इंग्रजी येतं तो सुटायचा. ज्याला येत नाही म्हणून तो क्लासला आलाय, तो फसायचा.

मी धरमतरच्या अलीकडची. खाडीकाठची. घरात बारावी झालेली मी पहिली. रोह्याच्या एका कंपनीत टेलिफोनवर मुलगी हवी होती आणि तिथला साहेब सरांच्या ओळखीचा. सरांनी शब्द टाकला तर नोकरी, नाही तर मिठागर. माझ्या आईचे पाय मी रोज बघत होते. मिठानं टाचा अशा फुटलेल्या की रात्री त्यात गोडंतेल भरावं लागे. मला ते पाय नको होते. म्हणून मी सरांना घाबरायची. त्यांची स्कूटर खाली वाजली तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

आणि त्याच पावसाळ्यात उधाणाला आमच्या गावच्या बांधाला खांड गेली.

खांड जाणं म्हणजे बांध फुटणं. खाडीचं खारं पाणी भातात शिरतं, आणि एकदा शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही होत नाही. मग कुणी कुणाला बोलवायला जात नाही. एक हाक पडते आणि गाव बांधावर जातं. ओहोटी आहे तेवढ्यातच चिखल भरायचा. भरती आली की भरलेलं सगळं वाहून जातं, परत पहिल्यापासून. आम्ही दोन दिवस रांगेत उभे होतो. आई माझ्या बाजूला. माझ्या हातातला चिखलाचा गोळा तिच्या हातात, तिच्या हातातला पुढे. क्लास आठवत होता मला. हात चालू होते आणि डोळ्यांपुढे तो फळा. पण रांगेतनं बाहेर कशी पडू? मधला एक माणूस गेला की रांग तुटते.

तिसऱ्या दिवशी क्लासला गेले. नखात चिखल होता अजून.

"व्हाय वेअर यू ॲबसेंट?"

इंग्रजीत सांगायचं होतं. बांधाला काय म्हणतात? खांडीला काय म्हणतात? मी म्हटलं, "सर, वॉटर... वॉटर कम." पोरं खिदळली. कुणीतरी म्हणालं, "एव्हरी मॉर्निंग इन माय बाथरूम ऑल्सो." मी मराठीत तोंड उघडलं तर सरांनी बोट वर केलं. "इंग्लिश. ऑर नथिंग."

मग नथिंग. सगळा खुलासा गळ्यापर्यंत आलेला आणि तिथंच अडकलेला. हात वर झाले. एकूण एक. माझ्या बाकावर बसणारी रोह्याची मुलगी, तिचाही. नंतर कानाशी लागून म्हणाली, "मला भीती वाटली गो." तिचं काय चुकलं? तिच्या जागी मीही वर केला असता.

घरी सांगितलं नाही. तीन दिवस चपलांपाशी उभी राहिले. रोज सकाळी वाटायचं, ताप यावा.

चौथ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली. मी मान वर केली, वाक्य तयारच होतं ओठांवर. आई होती.

बाजाराला आली होती, माझी विसरलेली छत्री द्यायला वर आली. डोक्यावर रिकामी पाटी. दारातच थबकली.

"काय गो, हितं काय उबी? आत जागा नाय काय?"

सर दारात आले. आईकडे, तिच्या पायांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "हर ऑल्सो. एव्हरीवन मीन्स एव्हरीवन. आणि तिला त्याचा अर्थही सांग."

एवढ्यापुरतं मराठी चाललं त्यांना.

"काय म्हनतान मास्तर?" आईनं विचारलं.

माझ्यासारखी होऊ नकोस, असं मी हिला सांगू? आईला? मला अजून आठवतं, मी शूर वगैरे काही झाले नव्हते. लघवीला लागली होती मला भीतीनं. पण तोंडातनं आपोआप निघालं, आणि मोठ्यानं निघालं.

"आये, खांड जेली त्या दोन दिसांत मी क्लासाला नाय आली. म्हनून मना हितं उबी केलंय. येनाऱ्या-जानाऱ्याला सांगाचं, माज्यासारकं व्हऊ नका. आता म्हनतान, तुलाबी सांग. मी नाय सांगनार."

आई सरांकडे वळली. "मास्तर, पोर बांधाव व्हती. माज्यासंगं."

"नो मराठी हिअर."

आईला वाटलं, सरांना ऐकू आलं नाही. ती बिचारी परत म्हणाली, जास्त मोठ्यानं. "बांधाव व्हती वो, मास्तर! माज्यासंगं!"

ते ऐकून माझ्या आत काहीतरी कायमचं निबर झालं.

सर मला म्हणाले, "से इट, नाहीतर पिशवी उचल. आणि रोह्याचं विसरून जा."

"नाय सांगनार, सर," मी म्हटलं. आवाज फाटला होता. आत जाऊन पिशवी घेतली. बाहेर आले, चपला पायात घातल्या. कुणी हसलं नाही.

जिन्यात आईनं विचारलं, "मंग रोह्याची नोकरी?"

"गेली."

तिनं पाटी डोक्यावर नीट केली आणि आम्ही एसटी स्टँडकडे निघालो. पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर मिठागरावर उतरले आणि माझ्याही टाचा फुटल्या. खोटं कशाला बोलू, रडले. इंग्रजी मात्र सोडलं नाही. रात्री रेडिओ लावून, बातम्या ऐकून, एकटीनं शिकले, पुढे त्याच्याच जोरावर एका ऑफिसात लागले. आज बांधाला काय म्हणतात ते मला येतं.

भीती गेली नाही. आजही एखाद्या साहेबानं केबिनमधे बोलावून "खुलासा द्या" म्हटलं की तो गोळा येतोच पोटात. येऊ दे. खुलासा मी देईन, पण आधी माझ्या भाषेत, ज्या भाषेत बांधावर हाक पडली तिच्यात. कळत नसेल तर बसा आणि शिका. बांधावर गेले होते. परत खांड गेली तर परत जाईन. त्याची माफी मी मागणार नाही, आणि माझ्यादेखत दुसऱ्या कुणाला चपलांपाशी उभं करू देणार नाही.