चंद्रावरच्या माणसाचा नवस

वाचायला मला शाळेनं शिकवलं, पण वाचनाची चटक लावली ती रिकाम्या पोत्यांनी. मालवणातून मी मुंबईला नारळ पाठवायचो आणि पोती बोटीनं परत यायची. एकदा त्यांच्या गठ्ठ्यात कुणीतरी टाकून दिलेली रहस्यकथा निघाली. मी तिथंच गठ्ठ्यावर बसलो. गडी हाका मारून थकले, पण खुनी सापडेपर्यंत मी उठलो नाही. त्यानंतर मुंबईच्या दलालाला मी निरोप धाडला, "ज्या पुस्तकावर पिस्तूल, कवटी किंवा आकाशात उडणारं काही दिसेल, ते पोत्यात घालत जा."

मला ही पुस्तकं आवडायची, कारण ती माझ्या धंद्यासारखी होती. लेखक खरा माल मागं लपवतो आणि भलताच पुढं दाखवतो. आपण त्याच्या डोळ्यांकडे बघत बसायचं. अर्ध्या पुस्तकात मी त्याला पकडला की मांडीवर थाप मारायचो. नाही पकडता आला तर पुस्तक भिंतीवर फेकायचो आणि पुन्हा उचलून पहिल्यापासून वाचायचो.

माझा थोरला भाऊ हायस्कुलात मास्तर आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस होता. असली पुस्तकं त्यानं वाचनालयात येऊ दिली नाहीत. "पोरं बिघडतील," असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, "मी बिघडलेलोच आहे, मला दे." आमचे वडील गलबतावर होते. एका खेपेला ते गलबत परतलं नाही. मग दादाला शिकायला मामाकडे धाडलं आणि मला चौथीतून काढून नारळ सोलायला बसवलं. हे मी विसरलो नव्हतो, विसरण्याचा विचारही नव्हता. एका गावात राहून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

आई माझ्याकडे असायची. एका उन्हाळ्यात ती विहिरीपाशी घसरली आणि पाय मोडून पडून राहिली. दुपारी बाजार थंड असायचा. मी तिच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचायला लागलो. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी शेवटच्या खेपेत एक नवी कादंबरी आली होती. पुण्याचा एक शास्त्रज्ञ यानात बसून चंद्रावर जातो, बरोबर त्याचा म्हातारा मदतनीस असतो. आई वाती वळत ऐकायची आणि मधेच मला थांबवायची.

"थंय जेवता काय तो?"

"गोळये खाता."

"गोळये! तेची आवस खंय आसा?" तिला त्याच्या आईचा पत्ता हवा होता.

"आवशीचां काय लिवलेलां नाय."

"लिवतलो कित्याक? लिवणारो बापयमाणूसच मां."

शेवटच्या पानावर यान बिघडलं, शास्त्रज्ञ चंद्रावर अडकला, आणि खाली लिहिलं होतं, 'पूर्वार्ध समाप्त'. मी संतापून दलालाच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं चित्र बघून पुस्तक घेतलं होतं, भाग बघितला नव्हता. बोटी बंद झाल्यावर तोही गावी निघून गेला होता.

पुढं आई काठी टेकत चालायला लागली आणि पहिली गेली ती देवळात. देवापुढं गाऱ्हाणं घालताना गुरवानं नेहमीप्रमाणं विचारलं, "कोणासाठी? गाव खंयचो?"

आई म्हणाली, "गाव पुणा. सध्या चंद्रार आसा."

गुरवानं आईकडे निरखून बघितलं. पण गाऱ्हाणं अडवायचं नसतं. त्यानं हात जोडून सुरुवात केली, "बा म्हाराजा, हो तुझो लेकरू जंय अडाकलो आसात थंयसून तेका सुखरूप हाड," आणि तिथं जमलेल्यांनी सवयीनं "होय म्हाराजा" म्हटलं. शास्त्रज्ञ परत आला तर नारळ देईन, असा आईनं नवस केला.

संध्याकाळपर्यंत ही गजाल बाजारभर झाली. दादा तरातरा माझ्या घरापुढच्या खळ्यात आला.

"गाव हसतोय! तुझ्या त्या पुस्तकांनी म्हातारीचं डोकं फिरवलं."

"गावातल्या अर्ध्या बायका समुद्रावर गेलेल्यांना नवस बोलतात, तेव्हा कोण हसतं? चंद्र तेवढा लांब झाला?"

"ती माणसं खरी असतात!"

आई आतून म्हणाली, "पुस्तकातलो असलो म्हणान काय झालां? अडाकलो तर आसा मां? तुमी भांडत रवा. तो परत इलो काय नाय तां कोणीतरी माका सांगा. तुमच्या बापाशीच्या नवसाचो नारळ अजून तसोच आसा. दुसरो नवस अंगार ठेवन माका मराचा नाय."

दादा चहा न घेता गेला.

मी बोटींची वाट बघत बसलो. वैतागात गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडलो, बाजारात माझ्या वाटेला कुणी जाईना. तेवढ्यात दादा शाळेच्या कामासाठी एस.टी.नं कोल्हापूरला गेला. परत आला तो थेट माझ्याकडे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक त्यानं आईच्या हातात दिलं. उत्तरार्ध होता. मी उघडून बघितला. पानांचे कोपरे दुमडलेले होते.

"तू वाचलंस!"

"गाडीत करायचं काय?" तो दुसरीकडे बघत म्हणाला. "घाटात बाजूचे लोक ओकत होते, मला पत्ता नाही."

आईनं त्याचा हात धरला. "इलो काय रे तो?"

हायस्कुलातला मास्तर आईजवळ खाली बसला आणि म्हणाला, "आये, आताच सांगलंय तर मजा जायत."

इतक्या वर्षांत दादाचं मला पटलेलं ते पहिलं वाक्य.

मग दुपारी आम्ही आळीपाळीनं वाचायला लागलो. दादा परीक्षेची प्रश्नपत्रिका वाचल्यासारखा वाचायचा. मी हाणामारीत इतका रंगायचो, की त्याला माझा हात धरून ठेवावा लागे. शेवटी यान दुरुस्त झालं, पण इंधन एकाच माणसापुरतं उरलं. म्हातारा मदतनीस मागं राहिला. शास्त्रज्ञ सुखरूप पुण्याला पोचला.

आईच्या हातातली वात तशीच राहिली. "आणि तो म्हातारो?"

"संपलां गो आये," मी म्हटलं.

"संपलां कसां? तो थंय बसलो आसा मां?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तिला दोन्हीकडून धरून देवळात नेलं. नवसाचा नारळ फुटला. मला वाटलं, सुटली एकदाची. एवढ्यात तिनं गुरवाला सांगितलं, "आता दुसरां गाऱ्हाणां घाल. एकटो मागे रवलो आसा."

मी हळूच म्हटलं, "आये, नवस अंगार ठेवचो नाय म्हणालंस मां?"

"मगे तेका कोणाच्या अंगार टाकू?" ती म्हणाली.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "होय म्हाराजा" म्हणताना दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. चौथीची गोष्ट मी त्याला तरीही माफ केली नाही. पण त्या दिवशी ती काढलीही नाही.

पाऊस संपल्यावर मुंबईला गेलो तेव्हा मी गिरगावात एका पुस्तकाच्या दुकानात शिरलो आणि तिसरा भाग मागितला.

"तिसरा भाग नाहीच. कादंबरी पूर्ण झाली."

"पूर्ण कशी? माणूस वर आहे अजून."

"अहो, लेखकानं लिहिलाच नाही."

"मग लिहायला सांगा त्याला! अर्धा माल देऊन दुकान बंद करतो, हा कसला धंदा?"

आवाज इतका चढला, की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. दुकानदारानं मला बसवून पाणी दिलं. पुस्तक मात्र मिळालं नाही.

घरी आलो तेव्हा आई ओटीवर होती आणि दादा तिच्याजवळ बसला होता. तिनं विचारलं, "गावलां?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी पिशवी खाली ठेवली.

"छापतत," मी म्हटलं.

दादानं पिशवी उचलून आत नेली.

"छापूंदेत," आई म्हणाली, आणि तिनं काठी मांडीवरून उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवली. "मी थांबतंय."