चौतीस खेचरांची साक्ष

मंगरुळपीरच्या कचेरीसमोर एक निंब होता आणि त्या निंबाखाली मारोतराव अर्ज लिहायला बसत. आपण लिहिलेला अर्ज वाचून हाकिमाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही असं कधी होतच नाही, अशी त्यांची स्वतःबद्दलची पक्की समजूत होती. गावानंही ती कधी खोडून काढली नव्हती. अर्जदार कोणी का असेना, तालमीतून उठून आलेला पैलवान असला तरी, मारोतरावांच्या अर्जात तो दीन, अनाथ, पोराबाळांनी वेढलेला आणि हुजुरांच्या पायांवाचून दुसरा आसरा नसलेला असाच असायचा. एकदा तर मायबाप बाजूला उभे असताना त्यांनी एका धडधाकट माणसाला अनाथ करून टाकलं होतं. अर्ज मंजूर झाला, त्यामुळे मायबापांनीही तक्रार केली नाही.

सन पंचवीसच्या हिवाळ्यात त्यांच्या पुढ्यात सैफुद्दीन नालबंद येऊन बसला. डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय समोर लांब करून बसला. बाप बाजारात बैलांना पत्र्या ठोकायचा, हा पलटणीत जाऊन खेचरांना नाल ठोकू लागला. एका खेचराची लाथ गुडघ्यावर बसली आणि सरकारनं त्याला वेळेआधीच घरी धाडलं.

"लिवा मुनशीजी," तो म्हणाला. "माही नोकरी पंधरा वर्साची झाली. कागदात चौदा वर्स एक महिना लिवली हाये. मधले अकरा महिने मले गैरहजर दाखवलं. मी हजर होतो. तेवढं दुरुस्त करा म्हना."

मारोतरावांना मेख लगेच कळली. पंधरा वर्षं भरली तर जन्मभर पेन्शन, नाही भरली तर हातावर चार पैसे ठेवून रामराम. त्यांनी बोरू उचलला आणि आपल्या नेहमीच्या थाटात एक पान भरून टाकलं. मग गळा साफ करून वाचून दाखवलं.

सैफुद्दीननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हा अनाथ कोन व्हय?"

"तुमी."

"माही माय घरी भाकर थापून राह्यली. काटा ते. अन् पाया पडतो म्हनून जे लिवलं तेबी काटा. मले भीक नाई मांगायची."

मारोतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षांत त्यांच्या अर्जातला शब्द कोणी काढायला सांगितला नव्हता. "मंग लिवू तरी काय?"

"खेचरं लिवा."

आणि त्यानं डोळे मिटले. गिऱ्हाईक लहरी आहे असं समजून मारोतराव लिहीत गेले. "नंबर एकशे बारा. रंग काया. मागचा उजवा खूर अरुंद, खिळा बाहेरून मारा लागे. नंबर एकशे अठरा. तांबडं. पुढच्या पायाले हात लावू देत नव्हतं, पयले मान खाजवा लागे. नंबर एकशे चाळीस..." अशी चौतीस खेचरं झाली. सांगताना त्याची बोटं मांडीवर हलत होती, जणू एकेक पाय उचलून तो समोर धरत होता.

पलटणीतल्या प्रत्येक खेचराचा नंबर त्याच्या खुरावर डागलेला असतो. खूर वाढतो तसा नंबर खाली सरकत जातो आणि काही महिन्यांत झिजून जातो. मग नालबंदानं तोच नंबर तापल्या लोखंडानं पुन्हा डागायचा आणि लिहिणाऱ्यानं तशी तारीख जनावरांच्या वहीत टिपायची. सैफुद्दीनचं म्हणणं सरळ होतं. त्या अकरा महिन्यांत, मोठ्या लढाईच्या वेळी, इराकातल्या बसऱ्याकडच्या मुलखात त्यानं चौतीस खेचरांचे नंबर दोनदा डागले. माणसांच्या कागदात तो नसेल, पण जनावरांच्या वहीत त्याचं काम असणारच.

झालं होतं असं. तिकडे दजला नदीला अचानक पूर आला. त्याची तुकडी पुढे निघून गेली आणि चौतीस खेचरं अलीकडच्या काठावर अडकली. जमादारानं त्यांच्याजवळ दोन माणसं ठेवली. एक सैफुद्दीन. दुसरा भाऊसिंग, मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरचा बंजारा, खेचरं हाकणारा. दुसऱ्या एका तुकडीनं त्यांना सामावून घेतलं. तिथल्या लिहिणाऱ्यानं पहिल्याच संध्याकाळी चौतीस खेचरं वहीत चढवली. दोन माणसं चढवायचं कोणाला सुचलं नाही. खेचर हा सरकारी माल, ते कमी भरलं तर जाब द्यावा लागतो. माणसाचं तसं नव्हतं. मूळ तुकडीत मात्र दोघांच्या नावापुढे 'गैरहजर' पडत राहिलं. अकरा महिन्यांनी सैफुद्दीन उरलेली खेचरं घेऊन परत पोचला, तेव्हा त्याला काठावर ठेवणारा जमादार मरून गेला होता.

मारोतरावांचा यावर विश्वास बसला म्हणता? मुळीच नाही. माणूस डोक्यानं सटकला असावा, असं त्यांनी घरी बोलूनही दाखवलं. चार दिवसांनी त्यांनी सैफुद्दीनला निरोप धाडला, की अर्जावर पाणी सांडलं, यादी पुन्हा सांगा. अर्ज कोरडाठाक होता. तो मांडीवर ठेवून, वरून फडकं टाकून मारोतराव बसले. सैफुद्दीननं पुन्हा डोळे मिटले. चौतीस नंबर, चौतीस रंग, कोणाचा खूर कसा, सगळं त्याच क्रमानं आलं. एक काना इकडचा तिकडे झाला नाही. मारोतरावांना आपल्या खोटेपणाची इतकी लाज वाटली, की त्यांनी त्या दिवशी लिहिणावळ घेतली नाही, आणि का घेत नाही तेही सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. झालेली नोंद बदलता येत नाही. तथापि अर्जदाराचा अधू पाय पाहून दयाबुद्धीनं दरमहा तीन रुपये देण्यात येतील. मात्र आपली आणखी काही मागणी नाही, असं अर्जदारानं लिहून द्यावं.

मारोतराव हरखून गेले. कागद हलवत ते स्वतः सैफुद्दीनच्या भट्टीवर गेले. सैफुद्दीननं ऐकलं, ऐरणीवरचा नाल उलटा केला आणि म्हणाला, "नाई घ्यायचे."

"काहून? डोस्कं ठिकानावर हाये का तुमचं?"

"दया हाये ते मुनशीजी. मी हजर होतो."

या हट्टापुढे मारोतरावांनी हात टेकले. मग त्यांना वाटलं, घरची बाई तरी शहाणी असेल. ते तडक सैफुद्दीनच्या घरी गेले. त्याची बायको हलिमा अंगणात दाळ पाखडत होती. भाभी, तुमी तरी समजवा, असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

हलिमानं सूप खाली ठेवलं. "तीन रुपयात घरचं तेल-मीठ होते, हे मले समजत नाई का, मारोतरावभाऊ? पन मी त्याइच्या संगं तांड्यावर गेलती. भाऊसिंगच्या घरी."

मग तिनं जे सांगितलं ते मारोतरावांना अर्जात कधी सापडलं नव्हतं. त्या अकरा महिन्यांतल्या नवव्या महिन्यात भाऊसिंग तापानं गेला. सैफुद्दीनच्या मांडीवर गेला. तुकडीत परत आल्यावर सैफुद्दीननं तसं सांगितलं, पण कागदावर भाऊसिंग 'फरार' झालेला होता, आणि तेच पत्र तांड्यावर पोचलं होतं. घरी आल्याबरोबर सैफुद्दीन लंगडत तांड्यावर गेला. तांड्याच्या नायकानं, सेवालालनं, त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं आणि विचारलं, की तुमचं स्वतःचं नाव कागदावर काय आहे? गैरहजर. मग पळालेल्याबद्दल पळालेला सांगतो, ते आम्ही धरावं कसं? भाऊसिंगचे भाऊ म्हणत, तो जिता आहे, तिकडंच दुसरं बिऱ्हाड करून राहिला आहे. बायको गोमतीबाई घरात होती, पण ना सवाशीण ना विधवा. नवरा पळून गेलेली बाई म्हणून तिला लग्नाकार्यात कोणी पुढे होऊ देत नव्हतं.

"हे तीन रुपये घेतले," हलिमा म्हणाली, "तं अंगठा देवा लागते, का आपलं काई म्हननं नाई. म्हंजे हे जन्मभर गैरहजरच. मंग त्या बाईसाठी साक्ष कोन देईन?"

मारोतराव तसेच उठले. त्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यातला पहिला असा अर्ज लिहिला, ज्यात एकही विशेषण नव्हतं. दया नको, चौकशी व्हावी. जनावरांच्या वह्या सरकारजवळ आहेत, त्या उघडून पाहाव्यात. खाली चौतीस ओळी. वाचून दाखवल्यावर सैफुद्दीन पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, "आता हा माहा अर्ज झाला." मारोतरावांना आजवर हाकिमांच्या शाबासकीनं जे सुख झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं.

वर्ष गेलं, त्यात आणखी तीन अर्ज गेले, आणि मग अकोल्याला हजर होण्याचं बोलावणं आलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी मारोतराव बरोबर निघाले. कारंज्यापर्यंत बैलगाडी, तिथून छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर, पुढे अकोला. साहेबापुढे टेबलावर पिवळ्या पडलेल्या तीन जाड वह्या होत्या. सैफुद्दीन वह्यांकडे अशा नजरेनं पाहत होता, जणू ओळखीची माणसं भेटली.

साहेब हिंदुस्तानीत नंबर विचारत गेला आणि वहीवर बोट ठेवत गेला. एकशे बारा, एकशे अठरा, एकशे तीस. सगळे जुळले. मध्येच त्यानं दोनशे सात विचारला. हे आमच्यात नव्हतं, सैफुद्दीन म्हणाला. साहेबानं मान हलवली. मग एकशे चाळीसवर गाडं अडलं. सैफुद्दीन म्हणत होता की ते खेचर चिखलात पाय मोडून मेलं, आणि वहीत ते जिवंत होतं.

मारोतरावांनी खालून त्याचा सदरा ओढला. एका खेचरासाठी सगळं घालवू नको, म्हण की आठवत नाही, असा त्या ओढण्याचा अर्थ होता.

"वही चुकली साहेब," सैफुद्दीन म्हणाला. मेलेल्या जनावराचा नंबरवाला खूर कापून जमा करायचा हुकूम होता. तो खूर त्यानं स्वतः कापला होता आणि लिहिणाऱ्याच्या हातात दिला होता. साहेब बराच वेळ पानं उलटत राहिला. तिसऱ्या वहीच्या शेवटी जमा झालेल्या खुरांची यादी निघाली. एकशे चाळीस त्यात होतं, आणि आणणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'नालबंद सैफुद्दीन, बाहेरच्या तुकडीचा'.

मारोतरावांचे डोळे भरून आले, आणि हाकिमाला रडवणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं रडं आवरेना.

सैफुद्दीन उठला नाही. त्यानं विचारलं, एकशे बारा भाऊसिंग हाकायचा, त्या पानावर हाकणाऱ्याबद्दल काही आहे का? साहेबानं पान काढलं. 'हाकणारा तापाने मयत. जनावर दुसऱ्याकडे सोपवले.' नाव नव्हतं. तारीख होती. सैफुद्दीननं ती तारीख दोनदा म्हणवून घेतली.

महिन्याभरात हुकूम आला. अकरा महिने 'कामावर हजर', नोकरी पंधरा वर्षं, पेन्शन लागू. निंबाखाली चार माणसं गोळा झाली, कोणी गुळाचा खडा आणला. सैफुद्दीननं रक्कम किती ते विचारलंसुद्धा नाही.

"मुनशीजी, आता माही साक्ष चालते?"

"चालते," मारोतराव म्हणाले.

"मंग लिवा."

भाऊसिंगचा हुकूम यायला सन अठ्ठावीस उजाडलं. फरार हा शेरा रद्द, कामावर असताना मयत, विधवेस पेन्शन. दोघं मानोऱ्याच्या वाटेनं तांड्यावर गेले. सेवालालनं सगळ्यांना बोलावलं. मारोतरावांनी कागद वाचला, कसलाही गळा न काढता, जसा होता तसा.

गोमतीबाई भिंतीला टेकून उभी होती. पैशाचं तिनं काही विचारलं नाही. ती सैफुद्दीनकडे वळली.

"कोनता वार होता?"

"बुधवार. सकायची येळ."

"पानी कोन पाजलं?"

"म्या पाजलं, वैनी."

ती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या, आणि ज्या बाईला इतकी वर्षं कोणी जवळ घेतलं नव्हतं तिच्या गळ्यात गळा घालून त्या रडल्या. भाऊसिंगचे भाऊ मान खाली घालून अंगणात बसले. त्यांच्याशेजारी सैफुद्दीन आपला ताठ पाय लांब करून बसला, जसं घरच्या माणसानं बसावं. थोड्या वेळानं सेवालाल उठला, आणि शेजारच्या तांड्यांवर निरोप द्यायला त्यानं माणसं धाडली, की भाऊसिंग वारला, बसायला या.